"आम्ही बँक नाही": एका रोखलेल्या खात्याचं प्रकरण

हे प्रकरण माझ्या मामेबहिणीचं आहे. मी तिला ताई म्हणतो म्हणून इथेही ताईच लिहितोय. नाव नको असं तिनंच सांगितलंय, आणि प्लॅटफॉर्मचं नाव मी मुद्दाम देत नाहीये. मी काही वर्षं एका बँकेच्या तक्रार विभागात काम केलंय, म्हणजे लोकांची खाती रोखली जातात तेव्हा आत काय चालतं हे मला ठाऊक होतं, पण खातं रोखलं गेलेल्या माणसाच्या शेजारी बसून ते सगळं बघायची वेळ पहिल्यांदाच आली. सहा महिने चाललं हे. ऑनलाइन पेमेंट प्लॅटफॉर्मना बँकेसारखे नियम लावावेत का, या प्रश्नावर माझं मत या सहा महिन्यांत बदललं, म्हणून सविस्तर लिहितोय.

पार्श्वभूमी

ताई क्रोशाचे नमुने तयार करते. विणलेली वस्तू विकत नाही, नमुना विकते, म्हणजे पीडीएफ फाइल, तिच्यात कुठल्या ओळीत किती टाके, कुठे वाढवायचे, कुठे कमी करायचे, आकृती, फोटो, सगळं. गिऱ्हाईक वेगवेगळ्या देशांतलं. पैसे भरले की फाइल आपोआप मेलवर जाते आणि रक्कम प्लॅटफॉर्मवरच्या तिच्या खात्यात जमा होते. सहा वर्षं हे बिनबोभाट चालू होतं.

ती तिथले पैसे बँकेत फारसे वळवायचीच नाही. कारण साधं होतं, तिच्या नमुन्यांची भाषांतरं करणारे दोघे आणि नमुना आधी विणून तपासणाऱ्या तिघी वेगवेगळ्या देशांत आहेत, त्यांचे पैसे ती त्याच खात्यातून द्यायची, मग चलन बदलायचा खर्च दोनदा कशाला सोसायचा. त्यामुळे साधारण तीन महिन्यांची कमाई कायम तिथेच पडून असायची. प्लॅटफॉर्म तिला "खातं" म्हणायचा, "शिल्लक" दाखवायचा, महिन्याला स्टेटमेंट पाठवायचा, कार्डही दिलं होतं. कुणीही त्याला बँक खातंच समजेल, ती पण तेच समजत होती.

कायद्यानं मात्र ती ठेव नसते. बँकेत ठेवलेल्या पैशाला विमा असतो, अमेरिकेत अडीच लाख डॉलरपर्यंत, युरोपियन युनियनमध्ये एक लाख युरोपर्यंत, भारतात २०२० पासून ५ लाख रुपयांपर्यंत. वॉलेटमधल्या किंवा प्लॅटफॉर्मवरच्या शिलकीला तो आपोआप मिळत नाही. युरोपात २००९ च्या ई-मनी निर्देशानुसार (वॉलेटसारख्या इलेक्ट्रॉनिक शिलकीसाठीचा युरोपियन युनियनचा नियम) कंपनीनं ग्राहकांचे पैसे स्वतःच्या पैशांपासून वेगळे ठेवायचे, ते कुणाला कर्जाऊ द्यायचे नाहीत, शिलकीवर व्याजही द्यायचं नाही. याच कारणानं बरेच जाणकार म्हणतात की यांना बँकेचे नियम नकोत, आणि त्यांच्या म्हणण्यात दम आहे. बँक आपली ठेव दुसऱ्याला कर्ज म्हणून देते, ते कर्ज बुडू शकतं, म्हणून तिच्याकडून भांडवल मागतात, रोखता (मागितल्यावर लगेच देता येईल एवढा पैसा) मागतात, विमा काढायला लावतात. जो कर्जच देत नाही त्याला हे सगळं कशाला? मी पण बँकेत असताना हेच म्हणायचो.

समस्या

एका विणकाम करणाऱ्या बाईंनी ताईच्या एका शालीचा व्हिडिओ टाकला, शुक्रवारी रात्री. शनिवार-रविवार मिळून नेहमीच्या दोन महिन्यांएवढी विक्री झाली. ताई खुशीत होती. रविवारी रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी मेल आला की खात्यात असामान्य हालचाल दिसल्यामुळे काही सुविधा तात्पुरत्या थांबवल्या आहेत.

तिनं मला नंतर स्क्रीनचा फोटो पाठवला तो अजून माझ्याकडे आहे. आकडा तोच, पण करड्या रंगात, बाजूला छोटं कुलूप, आणि खाली "काढण्यासाठी उपलब्ध: ०". सगळ्यात चमत्कारिक गोष्ट म्हणजे विक्री चालूच होती! गिऱ्हाइकांकडून पैसे घेतले जात होते, फायली जात होत्या, करडा आकडा दर तासाला वाढत होता आणि त्यातलं काहीच तिला हलवता येत नव्हतं.

कागद अपलोड करायचा फॉर्म होता. ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, आणि तिसरी जागा "पुरवठादाराचं बिल". तिला पुरवठादारच नाही, माल ती स्वतःच्या डोक्यातून काढते. पण त्या जागेवर लाल चांदणी होती, ती भरल्याशिवाय फॉर्म पुढे जाईना. रात्रीचे साडेबारा, घाबरलेली, तिनं काय केलं तर नमुने विणून बघायला आणलेल्या लोकरीचं एक जुनं बिल होतं ते टाकून दिलं. फॉर्म गेला.

अकराव्या दिवशी उत्तर आलं. आता त्यांना कुरिअरचे ट्रॅकिंग नंबर हवे होते, मागच्या ९० दिवसांतल्या सगळ्या ऑर्डरींचे. म्हणजे लोकरीचं बिल बघून कुणीतरी (किंवा कुठल्यातरी प्रोग्रामनं) ठरवून टाकलं की ही बाई लोकरीच्या वस्तू विकते, आणि पीडीएफला ट्रॅकिंग नंबर कुठून येणार. तिनं चॅटवर समजावलं, चॅटवरच्या माणसानं दिलगिरी व्यक्त केली आणि सांगितलं की तपासणी विभागाशी त्याला बोलता येत नाही. शिल्लक तरी सुरक्षित आहे का, तक्रार कुठे करायची, असं विचारल्यावर तो म्हणाला, मॅडम, आम्ही बँक नाही, आमच्या सेवा अटींप्रमाणे चालतं. बाराव्या दिवशी तिनं मला फोन केला.

कोणते पर्याय होते

पहिलं म्हणजे वाट बघणं. अटींमध्ये लिहिलं होतं की रक्कम १८० दिवसांपर्यंत रोखली जाऊ शकते. हा आकडा हवेतून आलेला नाही हे सांगायला हवं. कार्डावरून झालेल्या खरेदीवर गिऱ्हाईक साधारण १२० दिवसांपर्यंत पैसे परत मागू शकतं, विक्रेता पळून गेला तर तो भुर्दंड प्लॅटफॉर्मच्या डोक्यावर बसतो, म्हणून ते पैसे राखून ठेवतात. पण हा धोका असतो नव्या विक्रीचा. सहा वर्षं जुन्या खात्यात आधीपासून पडून असलेली शिल्लक त्याच कुलपात का घातली याचं उत्तर १२० दिवसांच्या हिशोबातून मिळत नाही.

दुसरा पर्याय, आईच्या नावावर नवं खातं उघडायचं आणि धंदा तिकडे वळवायचा. ताईला हा फार मोहात पाडत होता कारण भाषांतरवाल्यांचे पैसे थकले होते. मी ठाम नको म्हणालो. एकच लॅपटॉप, एकच दुकान, एकच मेल, हे जोडलं जाणारच आणि मग जे आज संशयाचं प्रकरण आहे ते उद्या लपवाछपवीचं होईल.

सगळ्या गिऱ्हाइकांना पैसे परत द्यायचे असंही एकदा तिच्या मनात आलं, तर परत करण्याची सोयही कुलपाखालीच होती, विषय संपला. सोशल मीडियावर जाहीर करायचं का यावर आम्ही बराच वेळ घातला. कधी कधी त्यानं काम होतं, हे खरं आहे, पण ज्याचे फॉलोअर जास्त त्याचं होतं. शिवाय तपास चालू असताना विक्रेत्यानं स्वतःच "माझं खातं संशयावरून रोखलंय" असं ओरडून सांगितलं तर नवं गिऱ्हाईक बिचकणारच.

उरली लेखी तक्रार. ती करायची ठरली, पण कुणाकडे, इथेच खरा गुंता होता.

काय केलं

आधी विक्री बंद करायला लावली. हे ताईला पटत नव्हतं, इतकी मागणी पुन्हा कधी येणार म्हणून, पण कुलूपबंद खात्यात आणखी पैसे भरत राहण्यात काय अर्थ होता. बारा दिवसांची विक्री तोवर आत गेलीच होती.

मग मी बँकवाल्याच्या सवयीनं बँकिंग लोकपालाकडे (बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा रिझर्व्ह बँकेचा अधिकारी) तक्रार लिहून दिली. १९ दिवसांनी उत्तर आलं, तुमचा करार ज्या कंपनीशी आहे ती बँक नाही आणि आमच्या परवान्याखालीही नाही, त्यामुळे आम्ही लक्ष घालू शकत नाही. मी त्या उत्तराला दोष देत नाही. सेवा अटींची ३० पानं पहिल्या दिवशी वाचायचं काम माझं होतं. ती वाचली तेव्हा कळलं की प्लॅटफॉर्म वापरणारा कुठल्या भागातला आहे त्यावरून कराराची कंपनी बदलते, आणि ताईचा करार एका तिसऱ्याच देशात नोंदलेल्या कंपनीशी होता. सहा वर्षं आपले पैसे कुठल्या देशाच्या कायद्याखाली पडून आहेत हे तिला माहीत नव्हतं.

त्याच प्लॅटफॉर्मच्या युरोपियन युनियनमधल्या ग्राहकाची स्थिती वेगळी असती. तिथल्या दुसऱ्या पेमेंट सेवा निर्देशानुसार तक्रारीला कामकाजाच्या १५ दिवसांत उत्तर द्यावं लागतं, अगदीच अडचण असेल तर ३५ दिवसांत. कंपनीला करार मोडायचा असेल तर किमान दोन महिन्यांची नोटीस. आणि कार्डासारखं पेमेंटचं साधन रोखलं तर कारण कळवायचं, सुरक्षेला किंवा कायद्याला बाधा येत नसेल तेवढ्यापुरतं. कंपनी तीच, पण हक्क मिळणार की नाही हे तळटिपेतल्या कंपनीच्या नावावर ठरतं. मला सगळ्यात जास्त राग याचा आला.

३४व्या दिवशी प्लॅटफॉर्मच्या तक्रार विभागाला एक पानी पत्र गेलं. यात आम्ही मेहनत घेतली. आधी तारखा, मग एक वाक्य की माल डिजिटल आहे, सोबत नमुन्याची एक फाइल आणि ती पोचल्याच्या नोंदी, लोकरीचं बिल चुकून दिलं गेलं याची साधी कबुली, आणि शेवटी तीन मागण्या: कारण सांगा, नेमके कोणते कागद हवेत ते सांगा, निर्णयाची तारीख सांगा. पैसे सोडा असं पत्रात कुठेच लिहिलं नाही, कारण माझा अनुभव असा की "पैसे सोडा" या मागणीला नाही म्हणता येतं, "कारण सांगा" या मागणीला नाही म्हणायला कुणालातरी फाइल उघडावी लागते. दोन दिवसांनी त्याची प्रत त्या तिसऱ्या देशातल्या नियामकाला गेली. त्यांनी कळवलं की वैयक्तिक वाद आम्ही सोडवत नाही पण कंपनीकडे पाठवतो.

४७व्या दिवशी पहिल्यांदा माणसानं लिहिलेला मेल आला.

निकाल

७४व्या दिवशी ८० टक्के रक्कम मोकळी झाली. २० टक्के राखीव म्हणून १८० दिवसांपर्यंत ठेवली आणि ती नंतर पूर्ण मिळाली, फक्त दोन गिऱ्हाइकांनी कार्डावरून परत घेतलेली रक्कम वजा होऊन, कारण त्या गोंधळात त्यांच्या मेलना ताईकडून उत्तरच गेलं नव्हतं. खातं का रोखलं याचं कारण आजतागायत मिळालेलं नाही. स्पॅनिश भाषांतर करणाऱ्या बाई दोन महिने पैसे न मिळाल्यानं काम सोडून गेल्या, त्यांचं सगळं देणं ताईनं दिलं, पण त्या परत आल्या नाहीत.

मग नियम कसे हवेत

कारण न देण्यामागे एक खरं कारण असू शकतं आणि ते मला बँकेतून माहीत आहे. मनी लाँडरिंगचा संशय कळवला असेल तर ग्राहकाला त्याची कुणकुण लागू द्यायला कायद्यानंच बंदी असते, बँकांनाही. म्हणजे संशय घ्यायचा, ओळख तपासायची, खातं रोखायचं, गप्प राहायचं, ही बँकेची सगळी कामं प्लॅटफॉर्मकडे आलेली आहेतच. बँकेवर त्यासोबत जी जबाबदारी येते, ठरलेल्या मुदतीत उत्तर, बाहेरचा लोकपाल, पैशाला संरक्षण, ती मात्र ताईच्या बाबतीत कुठेच नव्हती. माझं आताचं मत असं की परवान्यावर काय लिहिलंय ते न बघता पैसा तिथे मुक्काम करतो का ते बघा. पैसा या बँकेतून त्या बँकेत नुसता जात असेल, जसं यूपीआयमध्ये तो शेवटपर्यंत बँक खात्यातच असतो, तर बँकेचे नियम लादायची गरज नाही. पैसा रात्रभर राहिला की ठेवीदाराचे हक्क लागू झाले पाहिजेत.

पैसे वेगळे ठेवा एवढं कागदावर असणं पुरत नाही हे जगानं बघितलंय. जून २०२० मध्ये जर्मनीतली पेमेंट कंपनी वायरकार्ड कोसळली, १.९ अब्ज युरो जे खात्यात आहेत असं दाखवलं होतं ते नव्हतेच. तिथला नियामक बाफिन या समूहाला तंत्रज्ञान कंपनी धरत होता, थेट देखरेख होती ती समूहातल्या एका बँकेवर. ब्रिटनमध्ये तिथला वित्तीय नियामक एफसीए यानं २६ जूनला वायरकार्डच्या तिथल्या उपकंपनीचं काम थांबवलं आणि तिच्यावर चालणारी बरीच कार्डं-अ‍ॅपं काही दिवस बंद पडली, ज्यांनी वायरकार्ड हे नावही ऐकलं नव्हतं अशा लोकांची.

अमेरिकेतलं सिनॅप्सचं प्रकरण मला जास्त बोलकं वाटतं. ही कंपनी अ‍ॅप आणि बँक यांच्या मधली, कुणाचे किती पैसे याची वही तिच्याकडे. एप्रिल २०२४ मध्ये तिनं दिवाळखोरीचा अर्ज केला, मे महिन्यात लाखाहून जास्त लोकांचे पैसे अडकले, आणि न्यायालयानं नेमलेल्या विश्वस्त जेलेना मॅकविल्यम्स (या पूर्वी ठेव विमा देणाऱ्या एफडीआयसीच्या अध्यक्ष होत्या) यांनी सांगितलं की वहीतला हिशोब आणि बँकांतली रक्कम यात ६.५ ते ९.६ कोटी डॉलरची तफावत आहे. विम्याचा उपयोग झाला नाही, कारण विमा बँक बुडाल्यावर मिळतो आणि इथे बँक बुडालीच नव्हती.

पण म्हणून सगळ्यांना बँकेचा परवाना घ्या म्हणणंही मला पटत नाही. केनियात २००७ पासून चालणाऱ्या एम-पेसा या मोबाइलवरून पैसे पाठवायच्या सेवेकडे बँकेचा परवाना नव्हता, पण ग्राहकांच्या शिलकीएवढी रक्कम बँकांमधल्या ट्रस्ट खात्यात ठेवायची हे ठरलेलं होतं. चीननं तर जानेवारी २०१९ पासून पेमेंट कंपन्यांना ग्राहकांचा सगळा पैसा मध्यवर्ती बँकेतच ठेवायला लावला. दोन्हीकडे मोठ्या प्रमाणावर पेमेंट चालू आहेत, नियमानं धंदा बुडाला नाही. उलट बाजूनं बघायचं तर रिझर्व्ह बँकेनं ३१ जानेवारी २०२४ ला पेटीएम पेमेंट्स बँकेवर कारवाई केली, नवे पैसे घेणं बंद करायला लावलं, पण त्याच आदेशात ग्राहकाला असलेली शिल्लक काढायची मुभा स्पष्ट लिहिली होती. ताईच्या बाबतीत नेमकं याच्या उलट, आत येणं चालू, बाहेर जाणं बंद. जमा आणि काढणं यात आधी काय थांबवायचं एवढा एक नियम सगळीकडे असता तरी तिचं निम्मं नुकसान टळलं असतं.

वेगळं काय करता आलं असतं

ताईनं लोकरीचं बिल टाकायला नको होतं. त्या जागी एक साधं पान, "पुरवठादार नाही, माल मी स्वतः तयार करते, डिजिटल आहे", सही करून स्कॅन करून टाकलं असतं तरी फॉर्म गेला असता आणि तपासणाऱ्याची दिशा चुकली नसती. हा एक कागद आम्हाला निदान महिनाभर महाग पडला असं मला वाटतं. शालीचा व्हिडिओ आला त्या रात्रीच प्लॅटफॉर्मला "विक्री वाढलीय, हे कारण" असा मेल टाकता आला असता, काही ठिकाणी तशी सोय असते. आणि गिऱ्हाइकांच्या मेलना रोज उत्तर द्यायला हवं होतं, पैसे अडकले तरी, ते दोन परतावे त्यामुळेच गेले.

माझी चूक वर आलीच आहे, चुकीच्या दारात १९ दिवस. करारातली कंपनी कोणती, तिचा परवाना कुणाचा, हे आधी बघायचं, मग तक्रार लिहायची.

प्लॅटफॉर्मनं जुनी शिल्लक आणि नवी विक्री वेगळी करून नवीच रोखली असती तर त्यांचा धोका तेवढाच झाकला गेला असता आणि पाच माणसांचं मानधन थकलं नसतं. फॉर्मवर "लागू नाही" असा एक पर्याय द्यायला काय लागतं, हे मला खरंच कळत नाही.

ताई आता दर शुक्रवारी शिल्लक बँकेत वळवते, चलन बदलण्याचा खर्च सोसून. नियामकाकडची तक्रार तिनं पैसे मिळाल्यावरही मागे घेतलेली नाही. तिला कारण लेखी हवंय.